एकच कॅन, चार जागा: जुन्या जिप्सीच्या तेलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९९८ ची मारुती जिप्सी किंग. कार्ब्युरेटरवाली, ८ व्हॉल्व्हचं १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, ५ गिअर, आणि फोर व्हीलसाठी वेगळा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा. मालक भांडुपचे, साठीच्या पुढचे, नाव देत नाही, काका म्हणतो कारण समोरासमोरही तेच म्हणतो. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच नावावर. १५ वर्षं झाल्यावर २०१३ ला, मग २०१८ ला, मग २०२३ ला असं तीनदा आरटीओत पासिंग करून जुन्या गाडीचा हिरवा कर भरून ठेवलेली, म्हणजे गाडीवर जीव किती आहे ते कळेल.

पण गाडीचा वापर दोन तऱ्हांचा. काका आठवड्यातून दोनदा बाजारात नेतात, तीन-चार किलोमीटर, इंजिन धड गरमही होत नाही तोवर परत पार्किंगला. आणि पुतण्या पावसाळ्यात मित्रांना घेऊन कर्जत, माळशेज, ताम्हिणी, जिथे ओढा दिसेल तिथे घालणार. एकाच गाडीला दोन टोकांची कामं, आणि तेल निवडताना हे आधी विचारायला पाहिजे होतं जे कोणीच विचारलं नव्हतं.

मी गॅरेजवाला नाही. जुन्या फोर व्हील गाड्यांची आवड आहे, मुलुंडला राहतो, रविवारी मित्रांच्या गाड्यांखाली असतो. एक मेस्त्री ओळखीचे आहेत, त्यांनी आयुष्यभर जीप आणि जिप्सीच खोलल्यात, अवघड कामाला त्यांना बोलावतो. हे प्रकरण आम्ही तिघांनी मिळून हाताळलं आणि त्यात आमच्याही चुका झाल्या, त्याही लिहितोय.

अडचण

काकांचा फोन आला तो जुलैत. म्हणाले, "अरे, एलबीएस रोडला सिग्नलला उभा होतो तर ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला, जरा रेस दिली की जातो. आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकताना खर्रर्र करते, आधी असं नव्हतं."

आधी नव्हतं म्हणजे कधीपर्यंत नव्हतं, हे विचारलं तेव्हा गोष्ट उलगडली. आठ महिन्यांपूर्वी गाडीचं सगळं तेल एका ठिकाणी बदलून घेतलं होतं. इंजिनात घातलं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक, सगळ्यात महाग म्हणून सगळ्यात चांगलं, ह्या हिशोबाने. आणि गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं क्राऊन, मागचं क्राऊन (क्राऊन म्हणजे अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियल) ह्या चारही जागी एकच तेल, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ (आकडे जाडीचे, जीएल म्हणजे गिअर ऑइलची श्रेणी). पाच लिटरचा एक कॅन. "गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल, सगळ्याला हेच चालतं" असं काकांना सांगितलं गेलं आणि काकांनी विश्वास ठेवला, कोणीही ठेवला असता.

इथे एक साधा हिशोब. जिप्सीच्या चारही जागा मिळून साधारण साडेपाच लिटर तेल लागतं. गिअरबॉक्सला सव्वा लिटरच्या आसपास, ट्रान्सफरला पाऊण-एक, पुढच्या क्राऊनला दोन, मागच्याला दीड. मग पाच लिटरच्या कॅनमध्ये चार जागा भरल्या कशा? हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हाच आला होता, पुढे त्याचा उपयोग झाला.

आधी काढून बघितलं

मेस्त्रींची एक सवय मला फार आवडते. नवीन तेलाचं नाव ते शेवटी काढतात, आधी जुनं काढून बाटलीत भरतात. चार रिकाम्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या, मार्करने लिहिलं गि, ट्रा, पु, मा, आणि सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात ओळीने ठेवल्या. त्या दिवशी पाऊस नव्हता हे नशीब.

पण त्याच्या आधीच पहिला पेच. पुतण्या उत्साहात खालचा ड्रेन प्लग खोलायला निघाला आणि मेस्त्री ओरडले, "थांब, आधी वरचा फिरतोय का बघ!" हे जुन्या गाडीला सोन्यासारखं लक्षात ठेवायचं. तेल काढून टाकलं आणि भरायचा प्लग गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच उभी, ना तेल आहे ना घालायला जागा. मागच्या क्राऊनचा फिलर प्लग खरंच बसलेला होता, कडा गोल झालेल्या. रात्रभर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला, दुसऱ्या दिवशी घट्ट बसणारा पाना आणि हातोडीच्या दोन ठोक्यांनी सुटला. त्याच दिवशी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून नवीन प्लग आणि वॉशर आणले.

आता बाटल्या. मागच्या क्राऊनचं तेल काळपट पण साफ. ट्रान्सफरचंही ठीक. पुढच्या क्राऊनचं तेल बघून काकांचा चेहरा पडला, अगदी दूध जास्त झालेल्या चहासारखं, आणि दोन लिटरच्या जागी जेमतेम सव्वा लिटर निघालं. दुधट म्हणजे पाणी. ओढ्यात गाडी घातली की गरम झालेलं हौसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं तोंड, चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ सीलच्या कडेने पाणी आत घेते. आमचा ब्रीदर काढला तर टाचणी जाणार नाही इतका माती बसून बंद.

गिअरबॉक्सची बाटली मात्र सगळ्यात बोलकी. वरून नुसतं गडद तेल. मेस्त्रींनी दोन थेंब बोटावर घेतले, अंगठ्याने चोळले आणि उन्हात धरले, तर बोटावर बारीक सोनेरी चमक, जशी लग्नातल्या साडीची जर घासून अंगाला लागते तशी. प्लगच्या मॅग्नेटला लोखंडाची करडी पेस्ट असतेच, ती थोडी असली तर घाबरायचं नाही. पण सोनेरी चमक मॅग्नेटला चिकटत नाही, ती पितळ असते, आणि गिअरबॉक्समध्ये पितळ म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या सिंक्रोच्या रिंगा.

जीएल-४ आणि जीएल-५ म्हणजे नेमकं काय

इथे जरा थांबतो कारण सगळं प्रकरण ह्याच्यावरच आहे. क्राऊन-पिनियनचे दात हायपॉइड असतात, म्हणजे एकमेकांवर फिरतात तसे घासत सरकतातही, प्रचंड दाबाखाली. तिथे तेलाचा थर टिकत नाही म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवाली अ‍ॅडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात, ती लोखंडावर एक त्यागाचा थर बसवतात, थर झिजतो पण दात वाचतो.

गिअरबॉक्समध्ये गरज वेगळी. सिंक्रोची पितळी रिंग गिअरच्या शंकूसारख्या कोनाला घासून दोघांचा वेग एक करते, म्हणजे तिला पकड पाहिजे, ब्रेकसारखी. तिथे तेल जास्त निसरडं झालं की पकड सुटते, वेग जुळायच्या आत दात भिडतात, तोच खर्रर्र. शिवाय तोच गंधकाचा थर पितळावर घट्ट बसतो आणि सोलून निघताना मऊ पितळाचा कण घेऊन निघतो. "जीएल-५ पितळ खातं" असं जे म्हणतात ते सरसकट खरं नाही, आजच्या बऱ्याच जीएल-५ मध्ये तांब्या-पितळाला जपणारी रसायनं असतात आणि ती तांब्याच्या पट्टीची टेस्ट पास होतात. पण त्या टेस्टमध्ये रिंगची पकड मोजत नाहीत, झीजही मोजत नाहीत. म्हणून गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्सला जीएल-४ लिहिलं असेल तर मी तिथे जीएल-५ घालणार नाही.

दुसरा गोंधळ आकड्यांचा. काका म्हणाले, "९० म्हणजे इंजिनच्या ५० पेक्षा केवढं जाड!" नाही काका. इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी, गिअर ऑइलची वेगळी. १०० डिग्रीला गिअरचं ९० नंबर तेल १३.५ च्या पुढे १८.५ सेंटीस्टोकच्या (जाडीचं माप) आत असतं, आणि इंजिनचं ५० नंबर १६.३ च्या पुढे २१.९ च्या आत. म्हणजे जवळपास शेजारी शेजारी, उलट ५० च थोडं जाड. काकांनी ते आकडे माझ्या मोबाइलवर दोनदा बघितले तेव्हा पटलं.

पर्याय तोलले

इंजिनाचं आधी. मेस्त्रींचं म्हणणं सरळ, २०डब्ल्यू-५० घाला, दिवा जाईल. मला ते पटत होतं पण भीतीही होती, कारण जाड तेल घालून दिवा विझवणं आणि इंजिन बरं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी. डॅशबोर्डवरचा दिवा फार उशिरा लागतो, प्रेशर जवळजवळ संपलं की. म्हणून आधी मोजायचं ठरवलं. दिव्याचा स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावला, गाडी पवईपर्यंत फिरवून आणली, गरम इंजिनला आयडलवर, म्हणजे रेस न देता, ०.४ किलो (दर चौरस सेंटीमीटरला), ३००० आरपीएमला २.३. पुस्तकाप्रमाणे ३००० ला ३ ते ४.२ पाहिजे. पंप किंवा बेअरिंग गेलंय का, की नुसतं तेल पातळ आहे, हे अजून कळत नव्हतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास नव्हता, म्हणजे पेट्रोल मिसळून तेल पातळ झालं असं नाही.

५डब्ल्यू मधला ५ थंडीसाठी असतो. त्या तेलाचं पंपिंग उणे ३५ डिग्रीला तपासतात, २०डब्ल्यू चं उणे २० ला. मुंबईत हिवाळ्यात पारा १५ च्या आसपास आला तरी आपण स्वेटर काढतो, इथे उणे ३५ च्या क्षमतेला काय करायचंय. आपल्याला कामाचा आकडा मागचा, गरम झाल्यावर किती जाडी उरते तो. शिवाय ह्या इंजिनात रॉकर कॅमवर घासत चालतो, तिथे झिंक-फॉस्फरसचं अ‍ॅडिटिव्ह लागतं. नवीन एपीआय ग्रेडमध्ये (तेलाच्या डब्यावरची अमेरिकन प्रत), म्हणजे २००४ च्या एसएम पासून, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवायला फॉस्फरसवर ०.०८ टक्क्याची मर्यादा आहे, पण ती २० आणि ३० सारख्या पातळ तेलांना. २०डब्ल्यू-५० ला ती बंधनकारक नाही. म्हणजे जुन्या इंजिनाला दोन्ही बाजूंनी जाड तेलच सोयीचं पडतं.

१५डब्ल्यू-४० चाही विचार झाला, डिझेल-पेट्रोल दोन्हीचं रेटिंग असलेलं, त्यात साफ करायची ताकद चांगली असते. इंजिन जरा कमी झिजलेलं असतं तर मी तेच घेतलं असतं. काका बाजारापुरती गाडी काढतात, तेल लवकर फिरायला हवं, म्हणून ते हलकं बरं असंही वाटत होतं. शेवटी आयडलचा ०.४ आकडा बघून ५० वर गेलो.

फ्लशचा पर्याय काकांच्या शेजाऱ्यांनी सुचवला होता, जुन्या तेलात औषध टाकून दहा मिनिटं चालवायचं आणि काढायचं. हे आम्ही साफ नाकारलं. व्हॉल्व्ह कव्हर उघडून बघितलं तर आत काळी साय बसलेली, २५ वर्षांची. ती एकदम सुटली तर जाऊन बसणार पंपाच्या जाळीवर, आणि मग प्रेशरची खरी बोंब. साधं तेल घालून लवकर बदलायचं, हळूहळू साफ होऊ द्यायचं.

गिअरबॉक्ससाठी ७५डब्ल्यू-९० जीएल-४ सिंथेटिक सगळ्यात चांगलं, थंड असताना गिअर लोण्यासारखे पडतात, पण भांडुप-मुलुंडच्या दुकानांत मिळेना आणि ऑपेरा हाऊसला मिळालं तर किंमत ऐकून काका गप्प झाले. जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही लिहिलेला डबा एका दुकानदाराने काढला, तो मी घेतला नाही, कारण जीएल-५ ची ताकद आत असली की ते जीएल-५ च समजायचं. ८०डब्ल्यू-९० जीएल-४ मिनरल साधं, स्वस्त, हवं तिथे मिळणारं, तेच ठरलं.

मग काका म्हणाले, "मग क्राऊनमध्ये पण तेच घालू, एकच कॅन बरा." ही उलटी चूक झाली असती! जीएल-४ हायपॉइड दातांना पुरत नाही, घाटात ओझं घेऊन चढताना दात खरवडले जातात आणि मग क्राऊन हुं हुं करायला लागतो तो नवीन बसवेपर्यंत थांबत नाही. मेस्त्रींना क्राऊनला १४० घालायचं होतं, मुंबईच्या गरमीला म्हणून. क्राऊनला आवाज नव्हता, मग बळंच जाड कशाला, म्हणून ८०डब्ल्यू-९० जीएल-५ च ठेवलं.

काय केलं

इंजिनात २०डब्ल्यू-५० मिनरल आणि नवा फिल्टर. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरला जीएल-४. गिअरबॉक्सच्या खोबणीत जुनं तेल थोडं उरतंच, म्हणून पहिलं भरलेलं २०० किलोमीटरला काढून टाकलं आणि पुन्हा ताजं भरलं. लेव्हलला गाडी सपाट उभी करायची आणि फिलरच्या भोकात करंगळी घालून बघायचं, तेल खालच्या काठाला लागलं पाहिजे.

पुढचं क्राऊन दोनदा भरून काढलं तेव्हा दुधटपणा गेला. ब्रीदर काढून त्या जागी नळी लावून ती इंजिनच्या डब्यात वर नेऊन बांधली. तेल कमी का निघालं ते शोधताना पाच लिटरच्या कॅनचा हिशोब आठवला, चारांतली एक जागा अर्धवट राहिली असणार आणि ती हीच असेल. पण मेस्त्री म्हणाले, नकल, म्हणजे पुढच्या चाकाचा वळणारा सांधा, उघडून बघू. डाव्या चाकाच्या नकलमध्ये ग्रीसच्या जागी पातळ तुपासारखं काहीतरी, म्हणजे आतल्या सीलमधून क्राऊनचं तेल तिथे उतरत होतं. कॅनचा हिशोब खरा असेलही, पण नुसत्या त्याच्यावर थांबलो असतो तर सील तसंच राहिलं असतं. सील बदललं, नकल धुऊन नवीन ग्रीस भरलं.

जुनं तेल कॅनमध्ये भरून जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे दिलं. गटारात ओतू नका, कृपा करून, ते मिठी नदीत आणि खाडीतच जातं.

निकाल

इंजिनाचा गेज दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लावला, आयडलला ०.९, ३००० ला ३.३. दिवा गेला तो गेलाच. दीड हजार किलोमीटरला तेल बदललं तर डांबरासारखं काळं निघालं, म्हणजे साय सुटत होती. आता ५००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते, आणि काकांच्या वापरात सहा महिनेच आधी येतात. पावसाळ्यात ऑइल कॅपच्या आत पांढरं लोणी दिसलं तेव्हा काका हेड गॅस्केटच्या भीतीने धावत आले, पण कूलंट कमी झालं नव्हतं, छोट्या फेऱ्यांची वाफ होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा ठाण्यापर्यंत नीट गरम करून आणतात.

गिअरचं अर्धंच जमलं. तिसरा पहिल्या आठवड्यातच सुधारला. दुसरा मात्र थंड असताना, पहिली दहा मिनिटं, तसाच खर्रर्र. ऑक्टोबरपर्यंत वाट बघितली, मग डिसेंबरमध्ये गिअरबॉक्स उतरवला. दुसऱ्याची रिंग गिअरच्या कोनावर दाबून फट मोजली, नव्या रिंगला १ मिलिमीटरच्या वर असते, इथे फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.४ चं पान जेमतेम शिरलं. रिंग संपलेली. तिसऱ्याची अजून चालण्यासारखी होती पण हात घातलाच आहे तर दोन्ही बदलल्या.

आता ती रिंग जीएल-५ ने गेली का? आठ महिन्यांत गाडी तीनेक हजार किलोमीटर चालली होती आणि त्याआधी २५ वर्षं. मला वाटतं रिंग आधीच कडेला आली होती आणि निसरड्या तेलाने तिची उरलेली पकड उघडी पाडली. सगळा दोष एका कॅनवर टाकणं खरं होणार नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंजिनाचं तेल बदललं त्याच दिवशी मेस्त्रींनी टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी नीट, केलं आणि आयडलही जरा वाढवलं. वरचा टकटक आवाज गेला, पण तेलाने की सेटिंगने हे आम्हाला आजही सांगता येत नाही, आणि आयडलच्या ०.९ मध्येही वाढवलेल्या रेसचा वाटा असणारच. ३००० चा आकडा तेवढा विश्वासाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलून गेज बघायला पाहिजे होता.

दुसरं, गिअरबॉक्सच्या तेलातलं पितळ जुलैत दिसलं होतं तेव्हाच काकांना स्पष्ट सांगायला हवं होतं की तेल बदलून रिंग परत उगवत नाही. मी "बघू, फरक पडेल" म्हणालो. त्यांनी पाच महिने दरवेळी आशेने गिअर टाकला, ते मला लागलं.

आणि २०० किलोमीटरला काढलेलं पहिलं जीएल-४ तेल पुतण्याने जुन्यात मिसळून दिलं. ते वेगळ्या बाटलीत ठेवलं असतं तर पितळ अजून किती निघतंय ते कळलं असतं आणि डिसेंबरची वाट बघावी लागली नसती.

गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये आता काकांच्या अक्षरात एक कार्ड आहे. कुठल्या जागेत कुठलं तेल, किती, कोणत्या तारखेला, कितीव्या किलोमीटरला. ह्या पावसाळ्यात पुतण्या माळशेजहून आल्यावर पुढच्या क्राऊनचा प्लग उघडून बोट घातलं, तेल मधासारखं, पाण्याचा मागमूस नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधून मात्र अजून पाझरतंय, रात्रभरात खालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक डाग. गिअरबॉक्स उतरवला तेव्हाच ते सील बदलायला हवं होतं, सुचलं नाही. आता क्लच करायची वेळ येईल तेव्हा.